कारागृहातील टपाल

बंगळूरला बदलून आलेल्या मराठी गृहस्थास पहिल्या महिन्याभरात शहर दाखविण्याचे काम कोणी ना कोणी स्नेही आनंदाने पत्करतो. लालबाग होते, विधानसौध होते, बसवनगुडीचा नंदी होतो. गांधीनगरातील महाराष्ट्र मंडळात ओळखी करून दिल्या जातात आणि चकलीच्या भाजणीसाठी कोणते दुकान बरे याचीही माहिती मिळते. तेथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, शेषाद्री रस्त्याच्या कडेला, एक जुने आवार आहे. ते दाखविण्याचे मात्र बहुधा राहून जाते. १८६७ सालापासून तेथे मध्यवर्ती कारागृह होते. पुढे तुरुंग शहराबाहेर परप्पन अग्रहार येथे गेला, आणि २००८ साली या जागेचे ‘फ्रीडम पार्क’ झाले. टेहळणीचा मनोरा राखून ठेवला आहे, कोठड्यांच्या काही ओळी राखल्या आहेत. सकाळी तेथे लोक फिरावयास येतात. मोर्चे आणि धरणी यांनाही याच आवाराची जागा मिळते. तुरुंगाच्या जागी सभास्वातंत्र्याची सोय करावी हा योग मोठा मार्मिक आहे. तो योजणाऱ्याच्या लक्षात आला होता किंवा नाही हा भाग निराळा.

या आवारात सुमारे दीड वर्षाच्या अवधीत जे लेखन झाले, आणि या आवारातून टपालाने जे लेखन बाहेर गेले, त्याचा विचार वाङ्मय म्हणून करावा असे आमच्या मनात बरेच दिवस होते. त्याच्या राजकीय बाजूविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. वाङ्मयीन बाजूविषयी मात्र, निदान मराठीत, जेवढे लिहिले जावयास हवे होते तेवढे गेलेले नाही. या लेखनातील एक धागा तर सरळ आपल्याशी, म्हणजे बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या मराठी माणसांशी, येऊन जुळतो. तो कसा, हे ओघाने येईल.

१९७५ च्या जूनमध्ये पक्षांतरविषयक विधेयकाच्या संयुक्त संसदीय समितीच्या कामासाठी काही संसद-सदस्य बंगळूरला आले होते. २५ जूनच्या रात्री आणीबाणी घोषित झाली, आणि २६ जून रोजी अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र व मधु दंडवते यांना येथेच अटक झाली. दौऱ्यावर आलेला माणूस काय बेताने आलेला असतो हे आपणास सांगावयास नको. चार दिवसांचे काम, चार दिवसांचे कपडे, परतीचे आरक्षण. त्या बेताचा शेवट दीड वर्षाच्या बंदिवासात व्हावा, हे ज्याच्या वाट्यास आले त्या प्रा. दंडवत्यांचा जन्म अहमदनगरचा, अध्यापन मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे आणि मतदारसंघ कोकणातील राजापूर. बंगळूर त्यांच्या आयुष्यात आले ते समितीच्या कार्यक्रमपत्रिकेतून. मध्यंतरी या मंडळींना रोहतकच्या तुरुंगात हलविण्यात आले व पुन्हा येथे आणण्यात आले. थोडक्यात, बंदिवासातही बदल्या चुकल्या नाहीत.

संकटकाळात माणसाने लिहिते राहावे, आशा सोडू नये, हा उपदेश सर्वांस पाठ असतो. २०२० च्या टाळेबंदीत तो इतक्या वेळा केला गेला की, घरात कोंडलेल्या प्रत्येकाने एकेक कादंबरी न लिहिल्यास त्याने कर्तव्यात कसूर केली असे वाटू लागावे. आम्हांस या उपदेशाविषयी नेहमीच थोडा संशय वाटत आला आहे. संकटाने लेखनाला वेळ मिळतो, एवढेच त्यात गृहीत असते; आणि संकट जो वेळ देते तो कोणत्या जातीचा असतो, याची चौकशी कोणी करीत नाही. बंगळूरच्या तुरुंगातील लेखन पाहिले म्हणजे ही चौकशी टाळता येत नाही.

मराठी वाचकाच्या मनात तुरुंग आणि ग्रंथ यांची सांगड पक्की बसलेली आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने केली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत, गुरुजींच्या हातून ‘श्यामची आई’ उतरली. या परंपरेचा आपणास अभिमान आहे व तो रास्तच आहे. परंतु तिने आपल्या टीकादृष्टीला एक खोडही लावून ठेवली आहे. बंदिवासातून ग्रंथ बाहेर यावा, तोही भरीव असावा, अशी आपली अपेक्षा होऊन बसली. ज्या बंदिवासातून सुटी पत्रे, तुटक टिपणे व हलकी पद्ये बाहेर आली, तो वाङ्मयदृष्ट्या वांझ ठरवून आपण मोकळे होतो.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. टिळकांना शिक्षा झाली ती सहा वर्षांची. ती अन्यायाची होती, कठोर होती, पण तिला आकडा होता. विनोबांना व साने गुरुजींनाही मुदतीच्या शिक्षा होत्या. मुदत ठाऊक असलेला माणूस काळाची मांडणी करू शकतो. इतके महिने वाचनाला, इतके लेखनाला, असा हिशेब त्याला घालता येतो, आणि मोठा ग्रंथ हा अखेर काळाचा हिशेब असतो. १९७५ च्या स्थानबद्धांना हा आकडाच दिलेला नव्हता. १९७१ च्या अंतर्गत सुरक्षा कायद्याला, ज्याला सर्वजण ‘मिसा’ म्हणत, आणीबाणीत अशी मुरड घालण्यात आली की स्थानबद्धतेची कारणेही कळविण्याचे बंधन उरले नाही. बंगळूरच्या या चौघांनी कर्नाटक उच्च न्यायालयात दाद मागितली होती. अनेक उच्च न्यायालयांतील अशा अर्जांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल झाला की आणीबाणी असेतोवर स्थानबद्धाला आपल्या सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. विरुद्ध मत देणारे एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. त्या दिवसानंतर बंदिवासाला भिंत होती, दार नव्हते. असा काळ ग्रंथ लिहू देत नाही. तो आजचा दिवस देतो, उद्याचे आश्वासन देत नाही. म्हणून या काळाचे वाङ्मयप्रकार म्हणजे पत्र, रोजनिशी आणि चार-सहा ओळींचे पद्य. एका बैठकीत पुरे होईल तेवढेच हाती घ्यावयाचे. ही प्रतिभेची उणीव मानणे आम्हांस योग्य वाटत नाही. काळाच्या मापाने कापलेले हे कापड आहे.

यावर कोणी अहमदनगरच्या किल्ल्याचा दाखला देईल, आणि तो दाखला बलवान आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तेथे ठेवलेल्या पुढाऱ्यांनाही मुदत नव्हती. तरी नेहरूंनी १९४४ साली काही महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’सारखा विस्तीर्ण ग्रंथ तेथेच सिद्ध केला. आम्ही आमचे म्हणणे एवढे सौम्य करतो की प्रत्येक नियमाला एखादा नेहरू भेटतोच. आणि मुदत नसली तरी इतिहासाची दिशा आपल्या बाजूने आहे, हा विश्वास त्या पिढीला होता. शत्रू परका होता. १९७५ साली ती सोय नव्हती. पकडणारे आपले, कायदा आपल्या संसदेचा, आणि सत्ताधारी पंतप्रधान त्याच ग्रंथकाराची कन्या. परंतु अहमदनगरच्या त्याच किल्ल्यात आणखी एक लेखन झाले, ते आमच्या विषयाला अधिक जवळचे. मौलाना आझादांनी तेथे आपल्या एका मित्राला पत्रे लिहिली, चहाविषयी, चिमण्यांविषयी, संगीताविषयी, आणि पत्नीच्या निधनाची वार्ता तुरुंगात ऐकावी लागल्याविषयीही. ती पत्रे टपालात पडली नाहीत. सुटकेनंतर १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती प्रसिद्ध झाली व उर्दू गद्याचा अलंकार मानली गेली. न पाठविलेल्या पत्राला एक मोकळीक असते. त्याला उत्तराची वाट पाहावी लागत नाही आणि मध्ये तिसऱ्याचा डोळा नसतो. ते पत्राच्या वेषातील आत्मसंवाद असते.

दंडवत्यांची पत्रे टपालात पडत होती. हाच त्यांचा विशेष, आणि हीच त्यांची अडचण.

प्रमिला दंडवते या आणीबाणीत पुण्याच्या येरवडा तुरुंगात होत्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकलेल्या, राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेल्या, समाजवादी चळवळीत नवऱ्याच्या मागे न चालता बरोबरीने चालणाऱ्या. पती बंगळूरला, पत्नी पुण्याला, आणि दोघेही बंदिवान. या दोन तुरुंगांमध्ये दीड वर्षात सुमारे दोनशे पत्रांची ये-जा झाली. इतिहासकार ज्ञान प्रकाश यांनी आपल्या आणीबाणीवरील ग्रंथात या पत्रव्यवहाराची आवर्जून दखल घेतली आहे, व तेव्हापासून त्याच्याकडे बऱ्याच जणांचे लक्ष गेले. या पत्रांत संगीत येते, कविता येते, फुले येतात, वाचलेली पुस्तके येतात, तत्त्वज्ञान येते. राजकारण, ज्यासाठी दोघेही आत होते, ते उघडपणे फारसे येत नाही. येऊ शकतच नव्हते. स्थानबद्धांचे प्रत्येक पत्र अधिकाऱ्याच्या तपासणीतून जात होते.

वरवर वाचणाऱ्याला वाटेल की दोन सुसंस्कृत माणसे संकटाकडे पाठ फिरवून रसास्वादात रमली आहेत. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याला सरळ बोलण्याची बंदी आहे त्याने वळणाने बोलावे ही आपल्या भाषेतील फार जुनी रीत आहे. सासरच्या जात्यावर बसलेली बाई सासूचे गाऱ्हाणे सासूच्या देखत करू शकत नाही. ती वाऱ्याला, पाखराला, माहेरच्या वाटेला उद्देशून ओवी म्हणते. सासू ऐकते आणि तिला हरकत घेता येत नाही. जात्यावरील ओवीला हे वळण पहाऱ्याने दिले, असे म्हटल्यास चूक होणार नाही. तुरुंगातून पाठविलेल्या पत्रात जेव्हा रागाविषयी चार ओळी येतात, तेव्हा त्या रागाविषयी असतातच. पण त्याच ओळींत ‘माझे कान अजून शाबूत आहेत’ हे वर्तमानही असते. वाचलेल्या पुस्तकाविषयी लिहिणे म्हणजे ‘माझी बुद्धी अजून माझ्या ताब्यात आहे’ असे कळविणे. खुशालीचा दाखला याहून चांगल्या शब्दांत देता येणार नाही.

शिवाय पत्राला उत्तर येते. आशा ही गोष्ट एकट्याने बाळगावयाची असेल तर ती लवकरच हट्टाचे रूप घेते किंवा विझते. दोघांत वाटून घेतलेली आशा एकाची ओसरली तर दुसऱ्याच्या पत्रातून भरून काढता येते. दंडवत्यांनी पुढे आत्मकथेला जे नाव दिले त्यात जीवनाशी ‘संवाद’ हा शब्द आहे. तो शब्द त्यांनी कोठून कमावला असेल याचा तर्क करण्यास फार कष्ट पडू नयेत.

आता तो धागा. या प्रत्येक पत्राचा पहिला वाचक कोण होता? पत्नी नव्हे, पती नव्हे. तो होता कोणी एक नोकर माणूस. दरमहा पगार घेणारा, वरिष्ठाला भिणारा, मुलीच्या लग्नाची चिंता करणारा. आपल्यासारखाच. त्याच्या टेबलावर ही पत्रे येत असतील आणि ‘हरकत नाही’ असे ठरवून तो ती पुढे पाठवीत असेल. वाङ्मयाच्या इतिहासात या वाचकाला स्थान नाही. टीकाकार लेखकाविषयी लिहितात, रसिकाविषयी लिहितात. ज्याच्या एका खुणेवर पत्र पोचणे न पोचणे अवलंबून होते त्याच्याविषयी लिहीत नाहीत. परंतु ही पत्रे त्याच्यासाठीही लिहिली गेली आहेत, हे विसरून ती नीट वाचताच येणार नाहीत. प्रत्येक वाक्य दोन वाचकांच्या मापाने बेतलेले आहे. एकाला त्यात प्रेम सापडावे, दुसऱ्याला काही सापडू नये. आणि आम्हांस राहून राहून वाटते की दीडशे-दोनशे पत्रांच्या ओघात त्या दुसऱ्यालाही काही सापडले असेल तर? नवराबायकोंची अशी पत्रे रोज वाचावी लागणाऱ्या माणसाने घरी गेल्यावर बायकोशी काय बोलावे? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही दप्तरात मिळावयाचे नाही. पण आपल्यापैकी ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज वाचून शेरे मारले आहेत, त्यांच्यापुढे तो ठेवावयास हरकत नाही.

इतर बंदिवानांच्या लेखनाविषयी आम्ही आटोपते घेतो. अडवाणींची ‘अ प्रिझनर्स स्क्रॅप-बुक’ १९७८ साली निघाली. ती नावाप्रमाणेच कात्रणवहीच्या वळणाची आहे. तिचे मोल घटनांच्या नोंदीत आहे. लेखक म्हणून अडवाणी कोरडे आहेत आणि कोरडेपणा लपविण्याचा त्यांचा प्रयत्नही नाही, हा गुणच. हिटलरने जर्मनीत कायद्याच्याच मार्गाने कायदा कसा गुंडाळला याची भारतातील घडामोडींशी तुलना करणारे त्यांचे पत्रक त्या काळी गुप्तपणे फिरत होते. तर्कशुद्ध लेखन म्हणून ते रोजनिशीहून सरस वाटते. वाजपेयींनी त्या काळात ज्या कुंडलिया लिहिल्या त्यांना थोर काव्य म्हणण्याचे धाडस त्यांचे चाहतेही करणार नाहीत. तरी रूपाची निवड पाहण्यासारखी आहे. कुंडलिया हा छंद ज्या शब्दाने सुरू होतो त्याच शब्दावर येऊन थांबतो. तुरुंगाच्या अंगणात फेऱ्या घालणाऱ्या माणसाला याहून सोयीचा छंद सापडला नसता. गिरिधर कविरायाची जुनी नाममुद्रा उचलून वाजपेयींनी स्वतःस ‘कैदी कविराय’ केले. यातला विनोद आशेच्या फार जवळचा आहे. जो स्वतःच्या स्थितीवर हसू शकतो तो त्या स्थितीच्या एक पाऊल बाहेर उभा असतो.

याच सुमारास महाराष्ट्रात शब्दांचे काय चालले होते तेही ध्यानात घ्यावे लागते. धुळ्याच्या तुरुंगात गीता सांगणाऱ्या विनोबांचा ‘अनुशासनपर्व’ हा शब्द सरकारने उचलला आणि भिंतीभिंतींवर रंगविला. मौन सुटल्यावर, १९७५ च्या अखेरीस, विनोबांनी खुलासा केला की अनुशासन आचार्यांचे असते, सत्ताधाऱ्यांचे ते शासन. खुलासा सूक्ष्म होता व उशिरा आला. एकदा फलकावर चढलेला शब्द खुलाशाने उतरत नाही. त्याच डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षस्थानावरून दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याचा पक्ष घेतला, आजारी जयप्रकाशांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करविली, आणि तीही स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितीत. पुढे त्यांनाही अटक झाली. लोककथा व ओव्या यांच्या अभ्यासात आयुष्य घालविलेल्या बाईंना सरळ बोलावेसे वाटले. सरळ राजकारण केलेल्या दंडवत्यांना ओवीच्या वळणाने लिहावे लागले. व्यासपीठ आणि कोठडी यांच्या भाषा वेगळ्या असतात. एकीने दुसरीला भित्रेपणाचा दोष देऊ नये.

येथवरच्या विवेचनात एक गोष्ट आम्ही गृहीत धरली. या बंदिवानांना सोबत होती. पुस्तके होती, चर्चा होत्या, बाहेर त्यांच्या नावाला वजन होते. त्याच आवारात, १९७६ च्या मे महिन्यापासून, यांपैकी फारसे काही नसलेली एक स्त्री ठेवण्यात आली. तिच्या लेखनाशिवाय हा विषय अपुरा राहील; किंबहुना आमच्या मते खरी कसोटी तिच्याच लेखनाची आहे.

स्नेहलता रेड्डी हे नाव मराठी रसिकांस ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटामुळे ठाऊक असेल. अनंतमूर्तींची कादंबरी १९६५ ची, चित्रपट १९७० चा. दिग्दर्शक पट्टाभिराम रेड्डी हे स्नेहलताबाईंचे पती. प्रमुख भूमिका गिरीश कार्नाडांची. मद्रासच्या परिनिरीक्षकांनी चित्रपट प्रथम अडविला होता. सुटल्यावर त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले, आणि ते मिळविणारा तो पहिला कन्नड चित्रपट. कथा अग्रहारातली. नारणप्पा नावाचा आचारभ्रष्ट ब्राह्मण मरण पावतो, आणि त्याचे दहन कोणी करावयाचे याचा निर्णय होत नाही. प्रेत घरात पडून आहे, आणि विद्वान प्राणेशाचार्य पोथ्या उलटीत आहेत. नियमात आधार सापडेना म्हणून माणुसकीचे काम अडून राहणे हा प्रकार नोकरीतल्या वाचकास अपरिचित नाही. अखेर नारणप्पाबरोबर राहिलेली चंद्री रात्रीच्या वेळी एका मुसलमान माणसाच्या मदतीने ते दहन उरकून घेते. तिने कोणास विचारले नाही. चंद्रीची ही भूमिका स्नेहलताबाईंची.

२ मे १९७६ रोजी, म्हणजे वर सांगितलेल्या निकालानंतर चारच दिवसांनी, त्यांना अटक झाली. जॉर्ज फर्नांडिसांचा शोध चालू होता, बडोदा डायनामाइट खटला रचला जात होता, आणि स्नेहलताबाई फर्नांडिसांच्या स्नेही होत्या. पुढे त्यांना मिसाखाली अडकवून ठेवण्यात आले. त्यांना दम्याचा तीव्र विकार होता. एकान्त कोठडी, अपुरे औषधोपचार, आणि वारंवार होणारे झटके. त्याच तुरुंगात असलेल्या दंडवत्यांनी पुढे लिहून ठेवले आहे की रात्रीच्या शांततेत त्यांचे ओरडणे पुरुषांच्या विभागापर्यंत ऐकू येत असे. पतीपत्नींमधील शेकडो मैलांचे अंतर पत्राने ओलांडता येत होते. एकाच आवारातील ही भिंत मात्र कोणाला ओलांडता येत नव्हती.

त्यांची तुरुंगातील रोजनिशी त्यांच्या पश्चात १९७७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. अशा पुस्तकाविषयी टीकाकाराची पंचाईत होते. लेखिका हुतात्मा झालेली असल्यामुळे पुस्तकापुढे हात जोडावे आणि न वाचता कपाटात ठेवावे, असाच बहुतेकांचा व्यवहार होतो. आम्हांस तो अपमानाचा वाटतो. लेखिकेने लिहिले ते वाचावे म्हणून. प्रांजळपणे सांगावयाचे तर रोजनिशी एकसारखी नाही. स्वतःच्या आत्म्याविषयी व मुक्तीविषयी त्या लिहू लागतात तेव्हा शब्द मोठे होतात आणि अनुभव त्यांच्या मागे पडतो. आजाराने गांजलेल्या माणसाला मोठ्या शब्दांचा आधार लागतो हे आम्ही जाणतो; वाचकाला तो पुरत नाही, एवढेच. परंतु ज्या ठिकाणी त्यांची नजर स्वतःवरून उठून शेजारच्या बायकांवर जाते, तेथे लेखनाची जात पालटते. या बायका राजकीय कैदी नव्हत्या. कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या साध्या गुन्हेगार होत्या. आत येणाऱ्या बाईची सर्वांदेखत वस्त्रे उतरवून झडती घेतली जाते याविषयी त्यांनी लिहिले आहे. कैद ही शिक्षाच असताना तिच्यावर मानभंगाचा भार का, हा त्यांचा प्रश्न साध्या शब्दांत आहे व तो आजही कोणत्याही तुरुंगाच्या नियमावलीपुढे ठेवता येईल.

आणि त्यांनी केवळ लिहिले नाही. या बायकांना होणारी मारहाण थांबावी, त्यांना मिळणारे अन्न सुधारावे म्हणून त्यांनी उपोषण केले व काही सुधारणा पदरात पाडून घेतली. त्यांनी बायकांना गाणी शिकविली, खेळ शिकविले. स्नेहलताबाई मूळच्या रंगभूमीच्या. मद्रास प्लेअर्स या नाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक. रंगमंच काढून घेतला, प्रेक्षक काढून घेतला, तेव्हा समोर ज्या होत्या त्यांनाच त्यांनी नटी केले. ‘संकटात सर्जनशील राहणे’ या शब्दप्रयोगाचा काही अर्थ असेल तर तो आम्हांस येथे दिसतो, रोजनिशीच्या आध्यात्मिक परिच्छेदांत नव्हे. दम्याने श्वास कोंडलेल्या बाईने दुसऱ्यांना गावयास शिकवावे यातला विरोध आम्ही अलंकार म्हणून मांडीत नाही. ते तसेच घडले. आशा ही मनाची अवस्था आहे असे आपण समजतो. येथे ती एक नित्याचे काम असल्यासारखी दिसते, सकाळी उठून करावयाचे, मनाला वाटो न वाटो.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. ही आशा त्यांना वाचवू शकली नाही. प्रकृती पार ढासळल्यावर १५ जानेवारी १९७७ रोजी त्यांना पॅरोलवर सोडण्यात आले. १८ जानेवारीस निवडणुका जाहीर झाल्या, अडवाणी त्याच दिवशी सुटले, इतर नेतेही मोकळे होऊ लागले. २० जानेवारीस स्नेहलताबाई गेल्या. आशावादी वाङ्मयाची शिफारस करणारे लेखक असे तपशील गाळतात, कारण ते शिफारशीत बसत नाहीत. आमच्या मते ते गाळले की उरलेले सारे खोटे पडते. दंडवते दांपत्याची पत्रे आणि ही रोजनिशी शेजारी ठेवूनच वाचावीत. पत्रांना उत्तर येत होते, सोबतीला माणसे होती, आणि शेवट सुखाचा झाला. रोजनिशीला यांतले काही लाभले नाही. पहिल्यांतील प्रसन्नतेची किंमत दुसरीवरून कळते, आणि दुसरीतील गाण्यांचे मोल, पत्रांतील गाण्यांशी ताडून पाहिल्याखेरीज, पुरते ध्यानात येत नाही.

दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी पुन्हा कामावर घेतले, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमची गादी बसविण्याची सुरुवात केली. बंगळूरहून मुंबईस रात्री-बेरात्री प्रवास करणाऱ्या आपणांपैकी कित्येकांची पाठ त्या दोन इंचांची ऋणी आहे. प्रमिलाबाई १९८० साली लोकसभेवर निवडून आल्या. तुरुंगातील पत्रांचे लेखक पुढे कामाला लागले. पत्रे मागे राहिली.

स्नेहलताबाईंचा एक चित्रपटही मागे राहिला होता. लंकेशांच्या नाटकावरून पट्टाभिराम रेड्डी यांनी केलेला ‘चंड मारुत’. आणीबाणी उठल्यावर तो प्रदर्शित झाला, तेव्हा पडद्यावर चालत्या-बोलत्या दिसणाऱ्या स्नेहलताबाई जाऊन काही महिने झाले होते. फ्रीडम पार्कात शिरल्यावर बायकांच्या कोठड्या कोणीकडे होत्या हे पहारेकऱ्याला विचारावे लागते.